पा-हंगची फांदी

वर्गात भाषाकुलाचा वृक्ष फळ्यावर रेखाटताना आमचा हात एका ठिकाणी हमखास अडखळतो. जी भाषा कोणत्याच फांदीवर नीट बसत नाही, तिचे काय करावे? पा-हंग ही अशीच एक भाषा. दक्षिण चीनमधील ग्वेजौ, हूनान आणि ग्वांग्शी या प्रदेशांत व उत्तर व्हिएतनाममध्ये ती बोलली जाते. ह्मोंग-म्येन भाषाकुलाच्या ह्मोंगी व म्येनी या दोन शाखांपैकी ती पहिलीतली; पण तेथील इतर भाषांहून पुष्कळच निराळी.

सरकारी नोंदी येथे उपयोगी पडत नाहीत. तिच्या भाषकांची गणना चीनमध्ये ‘याओ’ समाजात होते, व्हिएतनाममध्ये ‘पाथेन’ या स्वतंत्र जमातीत. याओंपैकी अनेकांची भाषा मात्र म्येनी शाखेतली आहे. शे समाजाचेही तसेच. लोकसंख्या सात लाखांवर. पण शे ही ह्मोंगी भाषा ग्वांगडोंगमधील सुमारे हजारभर लोकांपुरती उरली आहे. बाकीचे हाक्काशी जवळीक असलेली चिनी बोली बोलतात. जमातीच्या नावावरून भाषेचे कूळ ठरत नाही, हे यातून स्पष्ट व्हावे.

मग ते ठरते कशावरून? १९८७ साली डेव्हिड स्ट्रेकर यांनी पा-हंग आणि आणखी काही भाषांना आधी ह्मोंगी शाखेत ठेवले, आणि त्याच वर्षी मत बदलून त्यांना या कुलात स्वतंत्र शाखांचे स्थान सुचवले. आम्हांस ही नामुष्की वाटत नाही. विद्येची रीत हीच. मार्था रॅटलिफ यांच्या २०१० मधील ग्रंथात पा-हंग ह्मोंगी शाखेतच आहे. तिच्या निराळेपणाचे एक कारणही तेथे सापडते: मूळ भाषेतील संयुक्त स्वरांचा उत्तरार्ध बहुतेक भगिनीभाषांनी गमावला, पा-हंगने तो राखला.

येथेच आमचा आग्रह आहे. एका भावाने आजोबांची पगडी जपून ठेवली, म्हणून त्याचे घराणे वेगळे होत नाही. जुने जपल्याने शाखा सिद्ध होत नाही; ती सिद्ध होते काही भाषांनी मिळून केलेल्या नव्या बदलांनी. पा-हंगला ‘वाट सोडून गेलेली’ म्हणताना आपण मोठ्या, अधिक अभ्यासल्या गेलेल्या भाषांनाच मूळ वाट समजत असतो. पुष्कळदा वाट सोडलेली असते ती त्यांनीच.