पिशवी काढायची घाई कुणाला आहे?

सोनोग्राफीत फायब्रॉइड दिसला की पंचेचाळिशीतल्या बाईला ठरलेलं वाक्य ऐकायला मिळतं: मुलं झाली, आता पिशवीचं काय काम? काढून टाका, पुढे कॅन्सरची धास्ती नको. दवाखान्यात हे ऐकवतात, घरी जाऊबाईही तेच सांगतात. मला हा सल्ला मुळातच चुकीचा वाटतो.

आधी कॅन्सरचं. फायब्रॉइड ही गर्भाशयाच्या स्नायूची साधी गाठ. कितीतरी जणींना ती असते आणि कधी कळतही नाही. तिच्यासारखा दिसणारा सार्कोमा हा कॅन्सर फार दुर्मीळ, आणि तो सहसा वेगळाच उद्भवतो. ही गाठ पोसली जाते इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनवर. पाळी गेली की हा खुराक तुटतो आणि ती बहुधा आक्रसते. म्हणजे सत्तेचाळिशीच्या बाईला बऱ्याचदा मधली काही वर्षंच निभावायची असतात.

ती वर्षं सोपी नसतात, हे खरं. पाळी जाताना हार्मोन खालीवर होतात, अंगावरून गठ्ठेच्या गठ्ठे जातात, हिमोग्लोबिन सातवर येतं. अशा बाईला ‘सोस थोडं’ म्हणणं क्रूरपणा आहे. पण त्यावर उपाय आहेत. रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झामिक ॲसिडच्या गोळ्या आहेत, शिरेतून लोह देता येतं. गाठीने आतली पोकळी फार वाकडी केली नसेल तर गर्भाशयात मिरेना ही हार्मोन सोडणारी तांबी बसवता येते. गाठीचा रक्तपुरवठा बंद करणारं एम्बोलायझेशन फ्रेंच डॉक्टरांनी 1995 मध्येच जगापुढे मांडलं. यांतलं काहीच लागू पडलं नाही, किंवा गाठ मूत्रवाहिनीवर दाबत असेल, तर शस्त्रक्रिया जरूर करावी. माझा विरोध ती पहिल्याच भेटीत सुचवण्याला आहे.

या घाईची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. 2019 मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत बीडच्या सुमारे 82 हजार ऊसतोड कामगार महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. पोटदुखी, पांढरं जाणं अशा तक्रारी घेऊन गेलेल्या कितीतरी बायकांना तिथेही कॅन्सरचाच धाक घातला गेला होता. पुढे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावं लागलं की अनावश्यक शस्त्रक्रिया रोखणारी मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा. पाळी जाण्याआधीच पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली, तर बाई एका दिवसात रजोनिवृत्तीत ढकलली जाते. हाडं ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. संमतीच्या कागदावर अंगठा घेताना हे कोण समजावून सांगतं?

‘पाळी गेली, आता गाठीकडे बघायलाच नको’ हेही मला तितकंच अमान्य आहे. हार्मोनच्या गोळ्या चालू असतील किंवा वजन फार असेल, तर गाठ तशीच राहू शकते, कारण चरबीतही इस्ट्रोजेन तयार होतं. पण हार्मोन घेत नसताना पाळी गेल्यावर गाठ वाढू लागली तर ती तपासलीच पाहिजे. आणि वर्षभर पाळी बंद राहिल्यानंतर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी तो जुन्या फायब्रॉइडच्या खात्यावर टाकून घरी बसू नये. सोनोग्राफीत आतल्या अस्तराची जाडी मोजून घ्यावी. ती 4 मिलिमीटरहून जास्त असेल, किंवा रक्त पुन्हा दिसलं, तर अस्तराचा तुकडा तपासायला द्यावा, त्याच आठवड्यात.