भरपाई साहेबांच्या खिशातून
पूर्ण पैसे भरूनही घराचा ताबा मिळेना, खेटे घालून चपला झिजल्या, तर आपण काय करतो? नशिबाला बोल लावतो, नाहीतर घरच्यांवर चिडतो. लखनौच्या एका ग्राहकाने मात्र तक्रार गुदरली. गोमतीनगरमधील फ्लॅटचे पैसे त्याने १९८८ मध्येच लखनौ विकास प्राधिकरणाकडे भरले होते. प्राधिकरण म्हणे, आम्ही ग्राहक कायद्यात बसतच नाही! ५ नोव्हेंबर १९९३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव फेटाळला. मनस्तापाबद्दलचे १० हजार रुपये दोषी अधिकाऱ्यांकडूनच वसूल करा, असेही बजावले. रक्कम किरकोळ, पण साहेबांच्या खिशाला हात घातला गेला, हे महत्त्वाचे.

तेव्हा पावत्या आणि पत्रांच्या प्रती जपून ठेवा. तक्रार २ वर्षांच्या आत करावी लागते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात शुल्क नाही. आधी सल्ला हवा असेल, तर १९१५ या क्रमांकावर फोन करा.