दात्याचे बीज, घरचे मूल

दात्याच्या बीजाने जन्मलेले अपत्य ‘आपले’ म्हणावे काय, या प्रश्नापाशी अनेक दांपत्ये अडखळतात. धर्माचे उत्तर एकच नाही. धृतराष्ट्र व पांडू व्यासांपासून जन्मले, तरी विचित्रवीर्याचेच पुत्र मानले गेले. मनुस्मृती नियोगाचा विधी सांगते आणि लागलीच त्याचा निषेधही करते. कॅथलिक चर्च व बहुतेक सुन्नी धर्मशास्त्री परबीज नाकारतात. शियाबहुल इराणने मात्र २००३ साली भ्रूणदानाचा कायदा केला.

कायदा नसताना काय घडते, हे आपल्या गुजरातने पाहिले आहे. २००८ साली आणंद येथे अनामिक दात्रीच्या स्त्रीबीजापासून, सरोगेट मातेच्या उदरी, एका जपानी दांपत्यासाठी कन्या जन्मली. तत्पूर्वीच त्यांचा घटस्फोट झाला होता. ‘हिची आई कोण?’ हा पेच उभा राहिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान अधिनियमाने असे अपत्य उपचार घेणाऱ्या दांपत्याचेच ठरविले आणि दात्याचे पालकत्वाचे हक्क संपविले.

तरीही कायदा उंबरठ्यापर्यंतच येतो. म्हणून डॉक्टरबंधूंनी संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी पती-पत्नी दोघांचेही मन जाणून घ्यावे. आणि नवागामातील समाजबांधवांनी पाळण्यापाशी ‘बाळ कोणावर गेले?’ असे खोदून विचारू नये.