कुठले जाधव?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग महिनाभर लेखन-वाचन बंद. बंदी उठली आणि पहिलं काम काय आलं, तर आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघतेय, तिची प्रुफं. घरात मराठीची एक निवृत्त शिक्षिका असली की असली कामं तिच्याकडेच येतात. 'फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघ, बाकी कशाला हात लावू नकोस,' अशी सूचनाही सोबत होती. मी नेमका बाकीलाच हात लावणार आहे. का, ते इथे लिहिते. नातेवाईक वाचतीलच. कृपया फोन करू नका, खाली प्रतिक्रिया लिहा, म्हणजे सगळ्यांनाच वाचता येतील.

हे कुलवृत्तांताचं काम माझ्या धाकट्या चुलत भावाने अंगावर घेतलंय. तो चाळीस वर्षं न्यू जर्सीला आहे. गेल्या डिसेंबरात आला होता, तेव्हा सगळे माझ्याकडे जेवायला होते. जेवणं झाल्यावर तो बराक ओबामांच्या 'ड्रीम्स फ्रॉम माय फादर'बद्दल बोलायला लागला. पुस्तक तसं जुनं, १९९५ चं, ते अध्यक्ष व्हायच्या कितीतरी आधीचं. नातीला शाळेत नेमलं होतं म्हणून यानेही वाचलं. बाप केनियाचा काळा, आई कॅन्ससची गोरी, आणि आपण नक्की कोण हे शोधत मुलगा शेवटी बापाच्या गावी जाऊन त्याच्या थडग्यापाशी रडतो. सांगता सांगता याचाही गळा भरून आला. त्याचा जावई गोरा अमेरिकन आहे. नात अर्धी इकडची, अर्धी तिकडची. 'ती मला विचारते, आजोबा, मी कोण? काय सांगू तिला?' म्हणाला. त्याच्या डोळ्यांतलं पाणी खरं होतं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मी सहज विचारलं, "'आमचा बाप आन् आम्ही' वाचलंयस का रे?"

"ते रिझर्व्ह बँकेतल्या जाधवांचं ना? हो, हो. फार इन्स्पायरिंग! पण ताई, ते वेगळं."

मंडळी, माझं भांडण आहे ते या 'ते वेगळं'शी.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डॉ. नरेंद्र जाधवांचं हे पुस्तक १९९३ साली आलं. त्यांचे वडील दामू, नाशिकजवळच्या ओझरचे, महार. गावकीची येसकराची पाळी त्यांच्याकडे होती. विहिरीत एक प्रेत सापडलं, त्याची राखण त्यांच्यावर आली. पुढे तेच बाहेर काढायचा हुकूम झाला, तो मानला नाही म्हणून मार बसला. त्यानंतर बायकोला, सोनूला घेऊन त्यांनी गाव सोडलं आणि मुंबई गाठली. संसार झाला वडाळ्याला, पोर्ट ट्रस्टच्या चाळीत. मुलं शिकली, थोरला आयएएस झाला, सर्वांत धाकटे नरेंद्र अर्थतज्ज्ञ झाले, पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू, राज्यसभेचे सदस्य वगैरे. निवृत्तीनंतर मुलाच्या आग्रहावरून दामूंनी आपल्या आठवणी लिहून काढल्या, त्यांतून हे पुस्तक उभं राहिलं. जेमतेम शाळा पाहिलेला माणूस म्हातारपणी वही घेऊन बसतो आणि लिहितो! चौतीस वर्षं मुलांकडून निबंध लिहून घेतले मी, मला याचं मोल कळतं.

आता हे माटुंग्याच्या संदर्भात सांगते. मी राहते रुइया कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर. नरेंद्र जाधव १९७३ साली रुइयातूनच बी.एस्सी. झाले. मी त्याच सुमारास तिथेच बी.ए. करत होते. म्हणजे आम्ही एकाच फाटकातून आत जायचो. मी घरून चालत यायचे, ते वडाळ्याहून. मधे फक्त फाइव्ह गार्डन्स. ओबामांच्या बापाचं गाव माझ्या भावापासून अर्ध्या पृथ्वीवर आहे आणि दामूंची चाळ आमच्या घरापासून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर. लांबचं आपल्याला रडवतं, जवळचं 'वेगळं' वाटतं.

ज्यांनी सोसलं त्यांना मात्र ते कधी तितकं वेगळं वाटलं नाही. हिंदू कॉलनीतलं राजगृह इथून पायी जाण्यासारखं. ते घर बांधणाऱ्या बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. त्यांची मंडळी आपली कैफियत संयुक्त राष्ट्रांकडे नेत होती, तशी आपल्यालाही न्यावी, हा विचार त्यामागे होता. मी बी.ए. करत होते तेव्हाच, १९७२ साली, मुंबईत दलित पँथर निघाली. नाव घेतलं तिकडच्या ब्लॅक पँथरवरून. आम्ही मुली तेव्हा कॉलेजच्या कट्ट्यावर बसून व्हिएतनामवर तावातावाने बोलत होतो. असो.

फरक आहे, तो मीही मानते. रंग रस्त्याच्या पलीकडूनही दिसतो, जात दिसत नाही. म्हणून आपण ती विचारून घेतो, आणि तीही सभ्यपणे. आडनाव काय? गाव कोणतं? कुलदैवत? जाधव हे आडनाव मराठ्यांत आहे, महारांत आहे, इतरांतही आहे. म्हणून आपला पुढचा प्रश्न ठरलेला असतो : 'कुठले जाधव?' समोरच्याला कळतं आपण काय विचारतोय. आपल्यालाही कळतं की त्याला कळलंय. तरी आपण हसून उत्तराची वाट बघतो.

आणि ते 'इन्स्पायरिंग'! या शब्दाचा मला खरा राग आहे. पुस्तक वाचून आपले लोक काय म्हणतात? 'बघा, जिद्द असली की काहीही होऊ शकतं.' पुढचं वाक्य बहुतेक वेळा असतं, 'मग आता सवलती कशाला?' अमेरिकेत निघालेल्या इंग्रजी आवृत्तीच्या उपशीर्षकातही विजयी प्रवास वगैरे शब्द आहेत, त्यामुळे सगळा दोष आपल्याकडच्या वाचकांना देणं बरं नाही. पण गोष्ट सुरू कुठे होते? विहिरीपाशी. त्या विहिरीभोवती माणसं उभी आहेत. हुकूम देणारा आहे, मारणारा आहे, नुसते बघणारे आहेत. आपण पुस्तक उघडतो आणि नायकाचं बोट धरून तडक रिझर्व्ह बँकेत पोचतो. त्या बघणाऱ्यांत आपलं कुणी होतं का, हे विचारायला थांबतच नाही.

आता कुलवृत्तांत. कुटुंब, वंश, ओळख यांवरचं आमचं आत्मचरित्र म्हणजे हा ग्रंथ. आम्ही कऱ्हाडे, राजापूरजवळचे. गोत्र आहे, कुलदैवत आहे, अकरा पिढ्यांची वंशावळ आहे. कुणी कीर्तनकार, कुणी मामलेदार कचेरीत, कुणी एकाने काशीयात्रा पायी केली. माझ्या आजोबांच्या नोंदीत आहे : 'सन १९२७. घरामागील विहिरीचे बांधकाम पूर्ण.' त्याच वर्षी मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. आमच्या विहिरीचे चिरे कुणी वाहिले, आणि ती बांधून झाल्यावर तिचं पाणी कुणाला चालत नव्हतं, याबद्दल अकरा पिढ्यांत एक ओळ नाही. माझ्या लहानपणी मे महिन्यात आम्ही गावी जायचो. एक म्हातारा कुंपणाबाहेर उभा राहून हाक मारायचा, आजी वरून त्याच्या ओंजळीत पाणी ओतायची. हात लांब ठेवून. त्याचं नाव मला माहीत नाही. आजीला माहीत असणार.

पण मी काही कुंपणावर बसून दगड मारत नाही. माझंही लिहिते. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी भर वर्गात 'बी.सी. मुलांनी उभं राहा, फॉर्म न्यायचेत' असं म्हणायचे. सगळेच म्हणायचे. चार-पाच मुलं उभी राहायची, बाकीची वळून बघायची. एक मुलगा कधी उभाच राहायचा नाही, मधल्या सुट्टीत येऊन फॉर्म न्यायचा. मी त्याला दोनदा रागावले, 'तेव्हा ऐकू येत नाही का?'

दुसरं याहून वाईट. २००९ साली माझ्या सख्ख्या भावाच्या मुलीने घरी सांगितलं, लग्न ठरवलंय. मुलगा इंजिनियर, विक्रोळीचा, आडनाव जाधव. (पुस्तकातल्या जाधवांशी नातं नाही.) माझ्या भावाचा पहिला प्रश्न तुम्ही ओळखला असेलच. मुलीने उत्तर दिलं नाही. मग चौकशी कुणी केली? मी केली. त्या भागातल्या एका शाळेत माझी मैत्रीण होती. तिने जनरल रजिस्टर काढून पाहिलं आणि संध्याकाळी फोन केला. नवबौद्ध. मी ते भावाला सांगितलं. पुढे तीन महिने त्या घरात कुणी तिच्याशी धड बोललं नाही. लग्न रजिस्टर पद्धतीने झालं. मला आमंत्रण द्यायला ती स्वतः आली होती, सोबत 'आमचा बाप आन् आम्ही'ची प्रत. 'आत्या, वाचून बघ,' एवढंच म्हणाली. मी लग्नाला गेले नाही. पुस्तक वाचलं, पण नंतर.

त्याच्या तीन वर्षं आधी, २००६ साली, चुलत भावाच्या मुलीचं त्या अमेरिकन मुलाशी लग्न झालं होतं. आमच्याकडून अकरा माणसं विमानाने गेली. त्यात मीही होते, मुहूर्ताच्या साडीचा खर्च वेगळा. गोरा चालला, ख्रिश्चन चालला, त्याचं गोत्र कुणी विचारलं नाही. विक्रोळी मात्र फार लांब पडलं! आणि २०२३ साली सिएटल शहराने जातीवरून भेदभाव करायला कायद्याने बंदी घातली, तेव्हा हाच भाऊ फॅमिली ग्रुपवर संतापला होता : 'इथे कुठे आहे जात? उगाच आपली बदनामी.' ठराव मांडणारी क्षमा सावंत मुंबईत वाढलेली आहे हे कळल्यावर तर जास्तच.

तर आता प्रुफं. पान एकशे बारावर अमेरिकन जावयांची अर्ध्या पानाची माहिती आहे, फोटोसकट. त्यांच्या पणजोबांनी आयर्लंडहून येऊन शेती केली, हेसुद्धा आहे. नातीचं नाव, शाळा, तिला पोहण्यात मिळालेलं पदक आहे. पान एकशे अठरावर माझ्या भाचीची नोंद अशी : 'कन्या. बी.ई. विवाहित.' संपलं. नवऱ्याचं नाव नाही. मुलीचं नाव नाही. विचारलं तर उत्तर आलं, 'अगं, माहिती वेळेत मिळाली नाही.' कुणी मागितली होती?

मी लाल शाईने ती नोंद पूर्ण लिहिली आहे. जावयाचं नाव, त्याच्या आईवडिलांची नावं, मूळ गाव, आजोबा गिरणीत होते ते, सगळं. भाचीला आणि जावयाला विचारूनच. 'हवं असेल तर छापा, आम्हाला गरज नाही,' असं जावई म्हणाले, तेही बरोबरच आहे. आजोबांच्या विहिरीखाली मी एक ओळ घातली आहे : 'या विहिरीवर गावातील महारांना पाणी भरू दिले जात नसे.' ही दोन्ही पानं अशीच छापली जाणार नसतील, तर प्रुफं तपासणारी म्हणून माझं नाव काढून टाका. ऱ्हस्व-दीर्घ तसेच राहू देत.

भाचीची मुलगी आठवीत आहे. रविवारी माझ्याकडे मराठीचं व्याकरण शिकायला येते, चुणचुणीत आहे. मागच्या रविवारी तिने आईबाबांच्या लग्नाचा एक फोटो मोबाइलवर दाखवला. बारा माणसं. तिने एकेकावर बोट ठेवून नावं घेतली आणि विचारलं, "आजी, तू कुठे आहेस यात?"

मी म्हटलं, गुडघा दुखत होता तेव्हा. तिने मान डोलावली आणि वही काढली. २००९ च्या हिवाळ्यात मी शाळेच्या सहलीबरोबर रायगड चढून गेले होते, पायऱ्यांनी. येत्या रविवारी ती येईल, तेव्हा तिला हे सांगायचं आहे.

पुस्तकाची माझी प्रत सध्या शेजारी गेली आहे. परत आली की ज्याला हवी त्याने न्यावी. न्यू जर्सीचा नंबर पहिला.