रात्री बाराला चौकात नको!

ज्या घरात येत्या महिन्या-दोन महिन्यांत कुणाला अठरा पूर्ण होतायत, त्या घरातल्या आईवडिलांना, थोरल्या भावंडांना आणि त्या मुलाच्या दोस्तांना ही कळकळीची विनंती. वाढदिवस दणक्यात करा. फक्त रात्री बारा वाजता चौकात करू नका. तारीख दोन दिवसांवर आली असेल तर आज जेवायला बसाल तेव्हाच विषय काढा. ग्रुपवर सगळं ठरून गेलेलं असतं, वर्गणी जमलेली असते आणि सगळ्यात शेवटी कळतं ते घरच्यांना.

मी फौजदारी कोर्टात वकिली करते. त्यामुळे वाढदिवसाची दुसरी बाजू, म्हणजे दुसऱ्या दिवशीची सकाळ, मला जास्त ठाऊक आहे. एक साधी गोष्ट आपल्याकडे कुणी मुलांना सांगत नाही. अकरा एकोणसाठला तो पोरगा कायद्याच्या नजरेत बालक असतो. त्याच्या हातून काही घडलं तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, नाव जाहीर करता येत नाही, आणि ती नोंद पुढे नोकरीच्या आड येऊ नये याचीही तरतूद कायद्यात आहे. बारा वाजले, तारीख बदलली, की हे सगळं संपलं. आता तो सज्ञान आरोपी. आणि नेमक्या त्याच मिनिटाला आपण त्याला बुलेटवर उभं करतो, हातात तलवार नाहीतर कोयता देतो आणि समोर आठ-दहा मोबाइल धरतो!

तक्रार करायला कुणी लागत नाही. रीलच पुरते. चेहरे स्वच्छ दिसतात, गाडीचा नंबर दिसतो, मागच्या दुकानाची पाटी दिसते आणि खाली पोरांनी हौसेने एकमेकांना टॅग केलेलं असतं. मग शस्त्र अधिनियम लागतो. शहरात शस्त्रबंदीचा आदेश असेल, तो बहुतेक वेळा असतोच, तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १३५ लागतं. पंचनाम्यात पात्याची लांबी-रुंदी येते आणि त्याला लागलेलं क्रीमही. कोर्टाच्या व्हरांड्यात बाप रेशनकार्ड, घरपट्टीची पावती घेऊन जामीनदार शोधत फिरतो. त्या दिवसाचा खाडा पडलेला असतो तो वेगळाच. ‘गंमत म्हणून धरली होती हो मॅडम,’ असं मला प्रत्येक जण सांगतो आणि मला ते खरंही वाटतं. पण गुन्हा नोंदवताना गंमत हा रकाना नसतो.

त्यातही सगळ्यात वाईट वाटतं ते बाजूला उभ्या असलेल्या मित्राचं. रोज पहाटे ग्राउंडवर सोळाशे मीटर मारणारा, पोलीस भरतीचा फॉर्म भरून बसलेला पोरगा. त्याने कोयता उचललेला नसतो, नुसता केकचा बॉक्स धरलेला असतो. चारित्र्य पडताळणीच्या वेळी मात्र तेच प्रकरण समोर येतं. दोस्तांनो, तुमच्यातला भरतीवाला कोण ते तुम्हाला माहीत आहे. निदान त्याच्यासाठी तरी हे थांबवा.

आता गाडी. अठरा पूर्ण झाले म्हणून वडील चावी हातात देतात आणि पोरगं तिथूनच एक राउंड मारायला निघतं. इथे हिशेब बघा. गियरच्या मोटरसायकलचं किंवा कारचं लर्निंग लायसन्सच अठरा पूर्ण झाल्यावर निघतं आणि पक्क्या लायसन्सची परीक्षा त्यानंतर किमान तीस दिवसांनी. म्हणजे वाढदिवसाच्या रात्री त्याच्या खिशात पक्कं लायसन्स असूच शकत नाही. विनापरवाना चालवणाऱ्याला पाच हजार दंड, त्याला गाडी देणाऱ्या मालकाला वेगळा, आणि अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईचे पैसे मालकाकडून वसूल करायला मोकळी. चालवणारा अठराच्या आतला असेल तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. गाडी द्यायचीच असेल तर जरूर द्या, पूजा करा, हार घाला, पण चावी महिनाभर देवघरात राहू द्या.

दारूबद्दल तर एवढा गैरसमज आहे की नवल वाटतं. अठरा झाले म्हणजे बसायला हरकत नाही, असं पोरंच काय, काही काकामामाही समजतात. महाराष्ट्रात बिअरला २१ लागतात आणि कडक दारूला २५. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे भरधाव पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. पोलिसांच्या म्हणण्यानुसार गाडी चालवणारा सतरा वर्षांचा होता आणि बारावीच्या निकालाची पार्टी करून निघाला होता. त्यानंतर वडील, आजोबा, डॉक्टर असे एकेक जण त्या प्रकरणात ओढले गेले. पार्टीसाठी कार्ड हातात देताना हे आठवा.

फोमच्या स्प्रेबद्दल थोडक्यात सांगते. डब्यातून फेस बाहेर ढकलणारा गॅस बहुधा ज्वालाग्राही असतो. मेणबत्ती पेटलेली, अंगात सिंथेटिक शर्ट आणि चार बाजूंनी स्प्रे, यातून तोंड भाजायला क्षण पुरतो. मेणबत्ती विझेपर्यंत स्प्रे लांब ठेवा. तो आणलाच नाहीत तर उत्तम. हायड्रोजनचे फुगेही नकोत, ठिणगी लागली की भडका उडतो. बम्प्सच्या नावाखाली पोटात, कमरेत लाथा घालणं म्हणजे सरळ मारहाण आहे, आतली इजा वरून दिसत नाही. आणि डोळ्यावर फेकलेलं अंडं हा विनोद कुणी शोधून काढला कोण जाणे.

मग करायचं काय? संध्याकाळ धरा. सातला बिल्डिंगच्या गच्चीवर किंवा दारातल्या अंगणात जमा. सेक्रेटरींना, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. साउंड दहाला बंद, तसा नियमच आहे. औक्षण करा, केक कापा, त्याच्या आवडीची पावभाजी नाहीतर बिर्याणी करा. काय आवडेल ते त्यालाच विचारा. चौकातल्या फ्लेक्सवर ‘भावी’ काहीतरी म्हणून गॉगल घातलेला फोटो लावण्यापेक्षा ते पैसे जेवणात घाला. विनापरवाना फ्लेक्स शहर विद्रूप केल्याच्या गुन्ह्यात मोडतो, आणि भावी नगरसेवक आपल्याकडे तसेही पुरेसे आहेत.

जेवणं झाली की घरातल्या मोठ्यांना एकच विचारा: तुम्ही अठराव्या वर्षी काय करत होता? एखादी आजी सांगेल की तिच्या कडेवर तेव्हा पोर होतं. एखादे काका सांगतील की ते गावाहून ट्रंक घेऊन मुंबईला आले आणि खोलीवर पंधरा जणांत पाळीने झोपले. असं ऐकायला मिळालं की मुलं मोबाइल खाली ठेवतात. त्याच बैठकीत मतदार नोंदणीचा नमुना ६ मोबाइलवर भरून टाका. मतदानाचं वय १९८९ मध्ये २१ वरून १८ वर आलं, तेव्हा हा हक्क त्याच्याच वयासाठी मिळालेला आहे. वजन ४५ किलोच्या वर आणि तब्येत ठणठणीत असेल तर रक्तदानही आता करता येतं. दोस्तांसकट रक्तपेढीत जा, तिथला फोटो खुशाल टाका.

आणि मुलींचं काय? अनेक घरांत मुलीच्या अठराव्या वाढदिवसाला केकच्या आधी स्थळ येतं. अठरा ही लग्नाची खालची मर्यादा आहे, मुहूर्त नव्हे. तिचाही वाढदिवस करा, तिलाही गाडी शिकवा, आणि त्या दिवशी पाहुण्यांसमोर चहाचा ट्रे तिच्या हातात देऊ नका.

एवढं सांगूनही पोरं चौकात गेलीच आणि काही घडलं, तर पळू नका. कुणी भाजलं तर जागा वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नका. डोक्याला किंवा पोटाला लागलं असेल तर घरी नेऊन झोपवू नका. १०८ ला फोन लावा, भांडण पेटलं तर ११२ ला. जखमीला दवाखान्यात पोहोचवा, डॉक्टरांना जे घडलं ते खरं सांगा, आणि मग लगेच आईवडिलांना फोन करा, रात्रीचे कितीही वाजलेले असोत.