त्रिमित हाडाचे समर्थन, त्याच्या समर्थकांपासूनही

‘प्लॅस्टिकच्या सपाट डिशने आजवर काम भागवले, उरलेल्या शंका उंदीर फेडतात, मग त्रिमित पेशीसंवर्धनाचे हे महागडे खूळ हवे कशाला?’ अस्थिसंशोधनातला हा पूर्वपक्ष हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याच्या पदरी मोठा पुरावा आहे. 1988 मध्ये जपानमध्ये तात्सुओ सुदा यांच्या गटाने हाड घडवणाऱ्या पेशी आणि प्लीहेतल्या पेशी एकाच डिशमध्ये वाढवल्या, आणि हाड खाणाऱ्या पेशी, म्हणजे ऑस्टिओक्लास्ट, तिथे तयार झाल्या. त्याच वाटेने पुढे स्नो ब्रँड या चक्क दूधकंपनीच्या संशोधकांसह रँकएल हा रेणू हाती लागला. त्याला अडवणारे डेनोसुमॅब 2010 पासून ऑस्टिओपोरोसिसच्या रुग्णांना मिळते आहे. सपाट डिशला नाव ठेवणाऱ्याने आधी हे ऋण मान्य करावे.

पण त्या यशाचे कारणही बघावे. हाड घडवणाऱ्या आणि खाणाऱ्या, दोन्ही पेशी हाडाच्या पृष्ठभागावर काम करतात. सपाटी त्यांना फारशी परकी नाही. हाडातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक पेशी मात्र ऑस्टिओसाइट असतात. त्या खनिजात गाडलेल्या असतात, बारीक नलिकांतून एकमेकींशी जोडलेल्या असतात आणि हाडावर भार पडला की नलिकांतल्या द्रवाच्या हालचालीवरून तो ओळखतात. हाडाची वाढ रोखणारे स्क्लेरोस्टिन मुख्यत्वे त्याच बनवतात. त्यांना प्लॅस्टिकवर पसरले की हा स्वभाव झपाट्याने हरपतो. 1997 मध्ये जगासमोर आलेला, प्रयोगशाळांचा लाडका एमएलओ-वाय4 हा उंदराचा पेशीवंश जेमतेमच स्क्लेरोस्टिन बनवतो. स्क्लेरोस्टिनचा पत्ता लागला तोही डिशमध्ये नव्हे. दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकानर आणि हॉलंडमधल्या काही कुटुंबांत हाडे बेसुमार जाड होत, तिथे लागला. रोमोसोझुमॅब हे औषध त्या वाटेवरचे.

औषध तपासताना सपाटी आणखी फसवते. अलेंड्रोनेटचेच बघा. शरीरात ते हाडाच्या खनिजाला चिकटून बसते, आणि ऑस्टिओक्लास्ट ते खनिज विरघळवू लागला की मुख्यतः त्याच्याच पोटात जाते. खनिज नसलेल्या डिशमध्ये तेच औषध द्रवात मोकळे फिरते आणि भेटेल त्या पेशीला भिडते. अशा प्रयोगातून निघालेला ‘विषारी डोस’ हाडाबद्दल काय सांगणार? हस्तिदंताच्या चकत्यांवर ऑस्टिओक्लास्ट वाढवून त्यांनी कोरलेले खड्डे मोजण्याची पद्धत जुनी आहे. म्हणजे जाणत्यांनी ही उणीव केव्हाच ओळखली होती. शिवाय अलिझरिनचा लाल रंग चढला की ‘हाड तयार झाले’ असे लिहून मोकळे व्हायची सवय आहेच. तो रंग कॅल्शियम दाखवतो; मेलेल्या पेशींवर साचलेले कॅल्शियमही तितकेच लाल दिसते.

आणि उंदीर? डेनोसुमॅब उंदराच्या रँकएलला ओळखतच नाही. मानवी रँकएल असलेले उंदीर मुद्दाम घडवावे लागले. टेरिपॅराटाइड हे औषध जवळजवळ आयुष्यभर टोचलेल्या ‘रॅट’ जातीच्या मोठ्या उंदरांना हाडाचा कर्करोग झाला, म्हणून 2002 मध्ये अमेरिकेत त्या औषधावर ठळक इशारा छापला गेला. माणसांत तसे दिसेना, तेव्हा 2020 मध्ये तो काढला.

एवढे म्हटले की त्रिमितवाले खूश होतात, आणि तिथेच त्यांना थांबवावे लागते. अमेरिकेने डिसेंबर 2022 मध्ये आणि भारताने मार्च 2023 मध्ये नियम बदलून प्राण्यांविना चाचण्यांना जागा दिली, तेव्हापासून ‘प्राणीमुक्त’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. त्रिमित संवर्धनात वाढवलेल्या पेशींच्या कितीतरी गोळ्यांना आधार असतो मॅट्रिजेलचा, आणि ते उंदराच्या गाठीतून काढतात. खुराक असतो गाईच्या गर्भातल्या रक्तद्रवाचा. गोळा अर्ध्या मिलिमीटरहून फुगला की प्राणवायू आतवर पोचत नाही आणि गाभा मरतो. हाडाच्या कर्करोगाच्या अशा गोळ्यांवर डॉक्सोरुबिसिन कमी चालले, की लगेच ‘खऱ्या गाठीसारखा प्रतिकार’ म्हणून टाळ्या पडतात. औषध आत शिरलेच नाही, की शिरूनही पेशी वाचल्या, हे आधी दाखवा. शिवाय ओडानाकॅटिब हे ऑस्टिओपोरोसिसवरचे औषध 2016 मध्ये सोडून द्यावे लागले ते पक्षाघाताच्या धोक्यामुळे. सोळा हजारांहून अधिक स्त्रियांच्या चाचणीत तो उघड झाला. हाडाच्या कुठल्याही गोळ्याला तो कळला नसता.

मग माझा पक्ष कोणता? त्रिमित संवर्धन हवे ते प्राणिदयेसाठी नव्हे, अख्ख्या हाडाची नक्कल म्हणूनही नव्हे. ऑस्टिओसाइटला ऑस्टिओसाइट म्हणून जगता यावे यासाठी हवे. आइंडहोव्हनच्या संशोधकांनी 2021 मध्ये माणसाच्या अस्थिमज्जेतल्या पेशी रेशमाच्या प्रथिनाच्या सच्छिद्र सांगाड्यावर, ढवळत्या द्रवात वाढवल्या. त्यांतून हाड घडवणाऱ्या पेशी आणि ऑस्टिओसाइट झाल्या, स्वतःच विणलेल्या कोलॅजनमध्ये खनिज भरू लागल्या. हे हाड कच्चे, विस्कळीत तंतूंचे. त्यात ना रक्तवाहिन्या, ना ऑस्टिओक्लास्ट. तरी स्क्लेरोस्टिनबद्दल, भाराबद्दल काही विचारायचे तर मी सपाट डिशपेक्षा यालाच विचारीन.

मात्र परीक्षकांनी उलटतपासणी सोडू नये. खनिज कुठे आहे? भार किती दिला? गाभा जिवंत आहे का? स्क्लेरोस्टिन मोजले का? अलेंड्रोनेटची चाचणी खनिजाविना नुसत्या जेलमध्ये केली असेल, तर तिन्ही मिती असूनही तो शोधनिबंध परत पाठवावा.