स्वधर्म कोणी ठरविला?



आपल्या शिरूर-दौंड भागात प्रवचनांतून गीतेचा एक उपदेश वारंवार कानी पडतो. आपला धर्म सदोष असला तरी तोच पाळावा, परधर्म भयावह आहे, असा त्याचा आशय. नुकतीच दीक्षा घेतलेल्या घरातील वडीलधारी माणसे तो ऐकून मनातून कचरतात. म्हणून तो तपासून पाहू या.

गीतेतील हा ‘धर्म’ म्हणजे उपासनापंथ नव्हे. वर्णाने नेमून दिलेले कर्म होय. स्वकीयांना मारू कसा, हा अर्जुनाचा प्रश्न नीतीचा होता. त्यास उत्तर मिळाले: आत्मा मरत नाही, आणि तू क्षत्रिय आहेस. अठराव्या अध्यायात हीच वाटणी करून शूद्राच्या वाट्यास सेवा दिली आहे.

कोणी म्हणेल, वर्ण गुणकर्मावरून आहे, जन्मावरून नव्हे. ठीक. मग आमच्या पणजोबांचे गुण कोणत्या गावाने पारखले? मेलेली ढोरे ओढणे, मर्तिकाचा सांगावा परगावी नेणे, ही कामे बापाकडून मुलाकडे वतनाने आली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले. परंतु ही वतने मोडण्यास १९५८ चा कायदा यावा लागला. तोवर गुणांची परीक्षा कोणीच घेतली नाही!

शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा येथे १ जानेवारी १८१८ रोजी लढलेल्या महार सैनिकांची, ‘नाक’ने संपणारी नावे त्या लढाईच्या स्तंभावर कोरलेली आहेत. शस्त्र धरणे हा त्यांना परधर्मच नव्हता काय? तो भयावह ठरला तो त्यांना नव्हे, त्यांना गावकुसाबाहेर ठेवणाऱ्यांना.

भगवान बुद्धांनी कर्माचे मूळ जन्मात नव्हे, हेतूत दाखविले. न्हावी उपाली आणि झाडलोट करणारा सुनीत यांना त्यांनी संघात घेतले. स्वधर्मात मरण बरे, या शिकवणुकीस बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास उत्तर दिले: जन्म आपल्या हाती नव्हता; हिंदू म्हणून न मरणे मात्र आपल्या हाती आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास त्यांनी ते खरे केले.

आता प्रश्न आपणांस आहे. घरातले देव का काढले, जत्रेत हलगी वाजविण्यास का जायचे नाही, असे मूल विचारील. ‘आपला धर्मच तसा’ एवढेच सांगाल, तर अर्जुनास मिळालेले उत्तरच त्यास द्याल आणि धम्माचेही वतन कराल. बावीस प्रतिज्ञांतील एकेक प्रतिज्ञा त्यास कारणासह समजावून द्या. त्याने ती विचार करून घेतली, तरच ती त्याची होईल.

जय भीम!